रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, मग पाय का हलत नाही?

पत्र : माझे मोठे बंधू, वय ३६, गेल्या एप्रिलमध्ये आंबे उतरवताना कलमावरून पडले. पाठीचा आठवा मणका मोडला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू बसवले. तेव्हापासून बेंबीच्या चार बोटे वरपासून खाली त्याला काही कळत नाही आणि दोन्ही पाय हलत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर ‘ए’ असे लिहिले आहे. आता साडेसहा महिने झाले. मागच्या महिन्यात शहरात नेऊन एनसीव्ही (नसेतून करंट किती वेगाने जातो ते पाहणारी तपासणी) केली. मी खोलीत होतो. करंट दिला की दादाच्या पायाची बोटे उडत होती. दोन्ही पायांच्या नसा नॉर्मल आहेत, असे रिपोर्टच्या शेवटी लिहिले आहे. मग दादा पाय हलवत का नाही? त्याने मनच सोडले आहे, असे घरात सगळे म्हणतात. परवा मीही रागाच्या भरात तसेच बोललो, आणि तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. वहिनी सांगते की रात्री त्याचे पाय आपोआप उडतात, आणि शौचानंतर साफ करताना त्याला आत कुठेतरी जाणवते. एका ठिकाणी स्टेम सेलची चार इंजेक्शने घ्यायला सांगितली आहेत, त्यासाठी बागेवर कर्ज काढावे लागेल. ते म्हणतात, नसा नॉर्मल आहेत म्हणजे गुण येणारच, आणि दर इंजेक्शननंतर एनसीव्ही करून सुधारणा दाखवू. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलेल्या इंजेक्शनांकडे मी नंतर येते. आधी पत्राच्या मध्यावर असलेल्या एका वाक्याचे उत्तर देणे मला जास्त निकडीचे वाटते, आणि ते वाक्य म्हणजे ‘दादाने मन सोडले आहे’. तुमच्या हातातला रिपोर्ट या आरोपाचा पुरावा नाही आणि होऊही शकत नाही. एनसीव्ही नॉर्मल येणे आणि पाय तसूभरही न हलणे, या दोन्ही गोष्टी मज्जारज्जूच्या इजेत एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि आठव्या मणक्याशी झालेल्या इजेत तर बहुधा असतातच. दादांनी कितीही जिवाचे रान केले असते तरी त्या दिवशीचा रिपोर्ट तोच आला असता, आणि त्यांनी काहीच केले नसते तरीही तोच आला असता.

असे का होते, ते नीट समजून घ्या, कारण घरातल्या इतरांना ते तुम्हालाच समजावून सांगावे लागणार आहे.

मेंदूने दिलेली आज्ञा पायापर्यंत दोन टप्प्यांत पोहोचते. पहिला टप्पा मेंदूपासून मज्जारज्जूतून खाली येतो आणि पायांच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींपाशी संपतो. या पेशी मज्जारज्जूतच, त्याच्या खालच्या जाडसर भागात असतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि हा जाडसर भाग त्याच्या थोडा वर, साधारणपणे पाठीच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांच्या आसपास येतो. तिथून दुसरा टप्पा सुरू होतो. त्या पेशींचे तंतू मणक्यांच्या फटींतून बाहेर पडून नस बनतात आणि मांडी, पोटरी, पाऊल असे करत स्नायूंपर्यंत जातात. दादांची इजा या पेशींच्या वर, पहिल्या टप्प्यात झालेली आहे. खालच्या पेशी जिवंत आहेत, त्यांच्यापासून निघालेल्या नसा जिवंत आहेत, स्नायूही जिवंत आहेत. तुटली आहे ती वरून येणारी वाट.

वादळात घाटातला मोठा टॉवर कोसळला की गावाची डीपी, डीपीपासून तुमच्या घरापर्यंतची तार, घरातला पंखा, सगळे शाबूत असूनही पंखा फिरत नाही. अशा वेळी एखाद्या वायरमनने स्वतःची बॅटरी आणून खांबापासून घरापर्यंतची तार तपासली, तर तार ठीक आहे असेच तो सांगेल, आणि ते खरेच असेल. एनसीव्ही ही त्या शेवटच्या तारेची तपासणी आहे.

तुम्ही त्या खोलीत होतात म्हणून तिथे काय घडले ते पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तंत्रज्ञाने दादांच्या पावलाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, एका छोट्या स्नायूवर चिकटपट्टी लावली असेल. मग दोन टोके असलेला एक चिमटा घोट्यापुढे टेकवून झटका दिला, बोटे उडाली आणि पडद्यावर एक उंचवटा उमटला. नंतर तोच चिमटा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीजवळ टेकवला आणि पुन्हा झटका दिला. तसाच उंचवटा उमटला, पण किंचित उशिरा. मग मोजपट्टीने दोन जागांमधले अंतर मोजले. समजा, घोट्यापासून स्नायूपर्यंत पोहोचायला ४.५ मिलिसेकंद लागले, गुडघ्यापासून ११.५, आणि मधले अंतर ३३६ मिलिमीटर भरले, तर ७ मिलिसेकंदांत ३३६ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ४८ मीटर हा त्या नसेचा वेग झाला. पायाच्या नसेचा वेग सेकंदाला साधारण ४० मीटरच्या वर आणि हाताच्या नसेचा ५० च्या आसपास किंवा वर असला की तो ठीक मानतात. उंचवट्याची उंचीही पाहतात, कारण नसेतले किती तंतू शिल्लक आहेत याचा अंदाज तिच्यावरून येतो. आता हे गणित पुन्हा वाचा. त्यात घोटा आहे, गुडघा आहे, मोजपट्टी आहे. पण मेंदू कुठेच नाही आणि आठवा मणकाही नाही. झटका यंत्राने दिला, दादांच्या इच्छेने नाही. बोटे उडाली ती यंत्राच्या हुकमाने, आणि म्हणूनच ती स्वतःहून उडत नाहीत याचा त्या उडण्याशी संबंध जोडता येत नाही.

एनसीव्हीत काही वेळा एफ-वेव्ह नावाचा एक छोटा भाग असतो, ज्यात झटका नसेतून वर मज्जारज्जूतल्या पेशीपर्यंत जाऊन परत येतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तो असला तरी तो झटका खालच्या पेशींपर्यंतच जाऊन आलेला असतो, दादांच्या इजेपर्यंत नाही.

संवेदनेच्या नसांचा भाग याहूनही चकवणारा आहे. दादांना पोटरीला चिमटा काढलेला कळत नाही, तरी पोटरीतल्या संवेदना-नसेचा आलेख व्यवस्थित येतो. याचे कारण असे की या नसांच्या मूळ पेशी मज्जारज्जूच्या आत नसून त्याच्या बाहेर, मणक्यांच्या फटीत छोट्या गाठीसारख्या असतात. मज्जारज्जूला इजा झाली तरी त्या मरत नाहीत. त्वचेपासून त्या गाठीपर्यंत निरोप बिनबोभाट पोहोचतो. पुढे वर चढायची वाट बंद असल्यामुळे तो मेंदूला मिळत नाही. म्हणजे ज्या पायाला काहीच कळत नाही त्याचाही संवेदनेचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि तज्ज्ञ डॉक्टर तर त्यावरूनच उलट निदान करतात की बिघाड नसेत नसून मज्जारज्जूत आहे.

ही चूक फक्त घरच्यांकडून होते असे नाही. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका वडिलांना त्यांच्या मुलाचा असाच रिपोर्ट दाखवून ‘नसा चांगल्या आहेत’ एवढेच सांगितले होते आणि दुसऱ्या खाटेकडे वळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तेव्हा ते वडील मुलाच्या उशाशी उभे राहून त्याला ‘आता तरी उठ’ म्हणत होते, आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बोलले त्यात खोटे काही नव्हते, पण ते अर्धे होते, आणि त्या अर्ध्या वाक्याची किंमत त्या मुलाने मोजली. तुमच्या रिपोर्टवर ‘दोन्ही पायांच्या नसा नॉर्मल’ याच्यापुढे ‘मज्जारज्जूबद्दल या तपासणीवरून काही सांगता येत नाही’ अशी एक ओळ कुणी लिहिली असती, तर तुमच्या घरातले परवाचे भांडण कदाचित झालेच नसते.

मग ही तपासणी फुकट गेली का? नाही. मणका आठव्याच्या ऐवजी बारावा किंवा कमरेचा पहिला मोडला असता, तर इजा त्या पेशींच्या घरावरच किंवा तिथून निघणाऱ्या नसांच्या मुळांवर बसली असती. पाय लुळे आणि सैल राहिले असते, स्नायू झपाट्याने वाळले असते आणि एनसीव्हीतले उंचवटे बुटके झाले असते. स्नायूत सुई घालून करायच्या ईएमजीत, इजेनंतर दोन-तीन आठवड्यांनी, स्नायूचा नसेशी संबंध तुटल्याच्या खुणा दिसल्या असत्या. मणक्याच्या इजेत पेशी वाचल्या आहेत की नाही हे कळायला या तपासण्या उपयोगी आहेत. अंथरुणात पाय बाहेरच्या बाजूला कलंडून तासन् तास राहिला की गुडघ्याच्या बाहेरची नस दबते. तेही यातच दिसते. दादांच्या रिपोर्टने एवढे निश्चित सांगितले की खालची यंत्रणा शाबूत आहे. याचा व्यवहारातला फायदा असा की करंट देऊन स्नायू आकुंचित करण्याची जी उपचारपद्धती आहे, तिला त्यांचे स्नायू प्रतिसाद देतील, कारण ती पद्धत खालच्या नसा जिवंत असल्या तरच चालते. स्नायूंचा भर टिकवायला आणि पायांतले रक्ताभिसरण राखायला तिचा उपयोग होतो. ती मज्जारज्जू जोडत नाही, हे तिच्याबद्दल सांगताना विसरू नये.

तेव्हा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा, पण दर महिन्याला तोच पुन्हा काढू नका. नव्याने एखादा हात कमजोर वाटला, पुढे व्हीलचेअर चालवून चालवून मनगटाला मुंग्या येऊ लागल्या (हे पुष्कळांना होते, कारण तळहाताची नस मनगटात दबते), तर ती तपासणी पुन्हा करण्यात अर्थ आहे.

मज्जारज्जूची विचारपूस करणारी तपासणी वेगळी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. टाचणी, कापसाचा बोळा, डॉक्टरांचे हात आणि पाऊण-एक तासाचा वेळ एवढेच लागते. शरीराच्या प्रत्येक बाजूला ठरावीक २८ जागी कापूस आणि टाचणी लावून शून्य, एक किंवा दोन असे गुण देतात. हाताचे पाच आणि पायाचे पाच, असे प्रत्येक बाजूचे दहा स्नायू शून्य ते पाचच्या मोजणीत तपासतात. आणि शेवटी, ज्याचा संकोच वाटून पुष्कळ ठिकाणी टाळले जाते ते, म्हणजे गुदद्वाराभोवती टाचणी-कापूस लावून पाहणे आणि आत बोट घालून दाब जाणवतो का, सांगितल्यावर आवळता येते का, हे पाहणे. मज्जारज्जूच्या सर्वांत शेवटच्या टोकाचा संबंध याच भागाशी असल्याने, इथे काहीही शिल्लक असेल तर इजेच्या जागेतून निदान काही धागे पार जात आहेत असे समजते. यावरूनच ए ते ई अशा पाच श्रेणी ठरतात. शेवटच्या टोकाशी संवेदनाही नाही आणि हालचालही नाही, तर ए. संवेदना आहे पण हालचाल नाही, तर बी. सी आणि डी मध्ये इजेखाली हालचाल असते, डी मध्ये अधिक जोराची. आणि पूर्वी बिघाड होता पण आता सगळे पूर्ववत आहे, ती ई.

म्हणून तुमच्या सबंध पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले ते वहिनींचे. साफ करताना दादांना आत कुठेतरी जाणवते, हे जर तपासणीत खरे ठरले, तर दादांची श्रेणी ए राहत नाही, बी होते. एप्रिलमध्ये लिहिलेले ‘ए’ हे त्या दिवसाचे उत्तर होते. पहिल्या दिवसांत मज्जारज्जू सुन्न पडलेला असतो, रुग्ण वेदनेत आणि औषधांच्या गुंगीत असतो, आणि तेव्हाची तपासणी पुढे बदलू शकते. याचा अर्थ दादा चालू लागतील असा मी काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. त्या भागात टाचणीचे टोक बोचलेले कळते की नुसता स्पर्श वा दाब कळतो, यानेही फरक पडतो. टोचल्याची जाणीव नेणारे तंतू मज्जारज्जूत हालचालीच्या तंतूंच्या अगदी शेजारून जातात. ती जाणीव वाचली असेल तर शेजारचे तंतूही काही प्रमाणात वाचलेले असण्याची शक्यता वाढते. नुसता स्पर्श कळत असेल तर ती आशा तुलनेने कमी धरावी. महिन्यापूर्वी एनसीव्हीवर गेलेला खर्च आणि प्रवास याऐवजी या एका तपासणीसाठी झाला असता, तर तुम्हाला तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते. अजूनही मिळू शकते.

घोट्याशी झटका देऊन तो डोक्यावर चिकटवलेल्या तारांपर्यंत पोहोचतो का, हे पाहणारी एसएसईपी नावाची तपासणी मात्र मज्जारज्जूतून जाते. निरोगी माणसात घोट्यापासून डोक्यापर्यंत तो सुमारे ३७ ते ४० मिलिसेकंदांत पोहोचतो. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा त्याला नीट सांगता येत नसेल तर तिचा मोठा आधार होतो. दादा शुद्धीवर आहेत, बोलू शकतात, आणि अशा रुग्णाच्या बाबतीत ती हातांनी केलेल्या तपासणीपेक्षा फार वेगळे काही सांगत नाही. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितली तर करा, पण तिच्यासाठी अडून बसू नका.

आता काळाचा हिशेब, जो मला जड मनाने पण स्पष्ट मांडला पाहिजे. मज्जारज्जूच्या इजेनंतर जी सुधारणा होते तिचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत आणि त्यातून उरलेला बराचसा सहा ते नऊ महिन्यांत दिसतो. त्यानंतर वेग मंदावतो. वर्ष-दीड वर्षापर्यंत, क्वचित त्याही पुढे, थोडाथोडा फरक पडत राहतो. पाठीच्या मधल्या भागातील इजा पूर्ण असेल, म्हणजे ए असेल, तर बहुतेकांच्या पायांत उपयोगी हालचाल परत येत नाही. बी असेल तर दार थोडे किलकिले आहे. साडेसहाव्या महिन्यात दादा नेमके कुठे आहेत हे माझ्या टेबलावरून सांगता येणार नाही, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाच सांगता येईल, आणि ते तुम्ही त्यांना उघडपणे विचारा.

रात्री उडणाऱ्या पायांबद्दल. मागच्या उदाहरणातली डीपी वरून ताबा सुटल्यामुळे आपल्याआपणच ठिणग्या टाकू लागते, तसे हे आहे. चादर घासली, मूत्राशय भरले, पाय हवेत गार पडले, एवढ्यानेही खालच्या पेशी स्वतःच चेततात आणि पाय उडतात किंवा ताठतात. पहिले काही आठवडे पाय लोळागोळा असतात आणि मग हे सुरू होते, त्यामुळे घरोघरी याला सुधारणा समजून पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. खरी हालचाल ओळखायची खूण साधी आहे. ‘अंगठा हलवा’ म्हटल्यावर हलला, ‘थांबवा’ म्हटल्यावर थांबला, पुन्हा म्हटल्यावर पुन्हा हलला, आणि असे तीनदा जमले, तर ती हालचाल त्यांच्या मनाची. पांघरूण काढून, पायाला कुणी हात न लावता हे पाहावे. एरवी शांत असलेले पाय अचानक जास्त उडू लागले, तर लघवीत जंतुसंसर्ग, मूतखडा, बद्धकोष्ठता, एखादी जखम, अगदी बोटात रुतलेले नखसुद्धा शोधा. दादांचे शरीर दुखते आहे हे सांगण्याचा तोच एक मार्ग त्याच्याकडे उरला आहे. झोपच मोडत असेल तर बॅक्लोफेनसारखी औषधे डॉक्टर देतात. ती मनाने सुरू करू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत, कारण एकदम बंद केल्याने झटके आणि भास होऊ शकतात.

इंजेक्शनांबद्दल माझे मत ठाम आहे. बाग गहाण ठेवू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रस्थापित उपचार म्हणून मान्यता फक्त रक्ताच्या आणि तत्सम काही आजारांत रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशींच्या (स्टेम सेलच्या) प्रत्यारोपणाला आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल वापरायच्या तर त्या नोंदणी केलेल्या, नीतिसमितीने मान्य केलेल्या वैद्यकीय चाचणीतच, आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे पैसे मागितले जात आहेत, एवढ्यावरूनच ते कोणत्या प्रकारचे ठिकाण आहे ते ओळखा.

त्यांनी पुढे केलेले कारण आणि दाखवू म्हटलेला पुरावा, हे दोन्ही तर मला संतापजनक वाटतात. नसा नॉर्मल आहेत म्हणून गुण येणार, हे म्हणणे कसे पोकळ आहे ते वर आलेच. आणि दर इंजेक्शननंतर एनसीव्ही काढून सुधारणा कशी दिसेल, तेही पाहा. थंड पायात नसेचा वेग कमी भरतो; त्वचेचे तापमान एका अंशाने उतरले तर सेकंदाला साधारण दोन मीटर इतका. इजा झालेल्या माणसाचे पाय मुळात गार असतात, त्यात तपासणीची खोली वातानुकूलित असते. चांगल्या प्रयोगशाळेत आधी पाय तापमापकाने तपासून, गरज पडल्यास ऊब देऊन मगच झटके देतात. पहिल्या वेळी गार पायावर ४३ आणि तिसऱ्या वेळी उबदार पायावर ४७ आले, तर कागदावर घसघशीत सुधारणा दिसेल, आणि दादांच्या मज्जारज्जूत मात्र केसाइतकाही बदल झालेला नसेल. यात कुणी मुद्दाम फसवलेच पाहिजे असेही नाही. मोजपट्टी एक-दीड सेंटिमीटर इकडेतिकडे धरली तरी आकडा हलतो. जी तपासणी इजेआधी जशी आली असती तशीच इजेनंतरही आली, तिच्यावरून उपचाराचा गुण मोजता येत नाही.

त्या कर्जाचा दहावा भागही न लागणाऱ्या दोन गोष्टींवर दादांचे आयुष्य जास्त अवलंबून आहे, आणि पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेखही केलेला नाही: त्वचा आणि लघवी. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमान या डॉक्टरांनी मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला, तोवर अशा सैनिकांपैकी बहुतेक जण लवकरच मरत असत, आणि मरत ते शय्याव्रणांतून आणि लघवीच्या मार्गातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने. मज्जारज्जू सांधण्याचा उपाय गुटमान यांच्याकडेही नव्हता. त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे आणि मूत्राशयाची शिस्तशीर काळजी यांवर भर दिला, आणि माणसे जगू लागली, कामाला लागली.

दादांना अंथरुणात दर दोन तासांनी वळवले जाते का? खुर्चीत बसले असता ते दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलतात किंवा पुढे वाकतात का? माकडहाड, बसायची हाडे, कुल्ल्याच्या बाजू आणि टाचा सकाळ-संध्याकाळ कुणी पाहते का, आणि दाबल्यावर न जाणारी लाली दिसली तर तो भाग लगेच मोकळा ठेवते का? थंडीत पाय गार लागतात म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी त्यांच्या पायांजवळ ठेवू नका. त्यांना चटका कळत नाही आणि भाजलेली जखम भरायला महिने जातात. मालिश करणाऱ्याला गुडघा जोर लावून मुडपू देऊ नका, कारण भार न पडल्याने पायांची हाडे आता ठिसूळ होत चालली आहेत. लघवीला अजून कायमची नळी आणि पिशवी असेल, तर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढून टाकण्याची पद्धत शिकता येईल का, ते विचारा. जॅक लॅपिडिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. त्यात हात साबणाने धुतलेले असले आणि नळी स्वच्छ असली तरी पुरते, ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही. दादांचे हात शाबूत आहेत, ते स्वतः शिकू शकतात, आणि एकदा शिकले की घराबाहेर पडण्यातला सर्वांत मोठा अडसर दूर होतो. एकावेळची लघवी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ नये, इतक्या अंतराने नळी घालावी आणि पाण्याचे प्रमाण त्याप्रमाणे ठरवावे. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

हे सगळे शिकवणारा विभाग म्हणजे फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची यासाठीची संस्था १९५५ पासून आहे, आणि काही वैद्यकीय महाविद्यालयांतही हा विभाग असतो. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे ओळखपत्र) काढून ठेवा, व्हीलचेअर आणि प्रवासाच्या सवलतींसाठी ते लागेल.

जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एमआरआय, आणि हा एनसीव्हीचा रिपोर्ट बरोबर न्या. कागदावर चारच प्रश्न लिहा: आजची श्रेणी कोणती, गुदद्वारापाशी टाचणी कळते की नुसता दाब, मूत्राशयाची सध्याची व्यवस्था बदलता येईल का, आणि दादांना स्वतः खाटेवरून खुर्चीवर जायला किती आठवड्यांत शिकवता येईल. प्रश्न तुम्ही विचारू नका, कागद दादांच्या हातात द्या. तपासणीच्या वेळी वहिनी तिथे हव्यात, कारण दादांना नेमके काय आणि कुठे जाणवते हे सांगणारी पहिली साक्षीदार त्याच आहेत.

आणि ही भेट ठरायची वाट न पाहता, आज रात्री दादांची कूस बदलायची वेळ येईल तेव्हा ते काम वहिनींकडून तुम्ही घ्या, आणि रिपोर्ट चुकीचा वाचल्याचे दादांना त्याच वेळी सांगा.